एका ओळीचा प्रोग्रॅम

काल ऑफिसात एका त्रुटीची सूचना आली: कुठलाही साधा वापरकर्ता अख्खं मशीन बंद पाडू शकतो. वाचता वाचता नाकात कॉलेजच्या लॅबचा वास शिरला, गार एसीचा आणि बूट बाहेर काढून आलेल्या मोज्यांचा.

तिथले सगळे टर्मिनल एकाच मशीनला जोडलेले. मी फुशारकीने एका ओळीचा प्रोग्रॅम चालवला आणि सगळं बंद पडलं. शेजारच्या वैशालीचा सकाळपासून टाइप केलेला प्रोजेक्ट गेला.

"कोणी लावले हे दिवे?" सरांनी विचारलं.

"माझ्याकडूनच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल, सर," वैशाली रडवेली होऊन म्हणाली.

मी सुटलो, असंच वाटलं तेव्हा.

पुढे वर्षभर प्रत्येक बटणाआधी ती मलाच विचारायची, "दाबू का रे?"

आणि मी ऐटीत सांगायचो, "दाब."