ग्रहण अंटार्क्टिकात, पाळलं आमच्या घरात

मैत्रिणींनो, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

मी युसूफ वडगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. संध्याकाळी घरी आले तर चूल बंद, दुधात तुळशीची पानं, आणि सात महिन्यांची गरोदर असलेली माझी धाकटी जाऊ रेखा दुपारपासून खोलीत सरळ पडून. सासूबाईंच्या मोबाईलवर मेसेज आलेला, आज कंकणाकृती सूर्यग्रहण.

"अहो आत्या, ते अंटार्क्टिकात आहे. आपल्याकडं दिसणारसुद्धा नाही."

सासूबाईंना पटेना. मग वाटी आणि परात घेतली. वाटी डोळ्याजवळ धरली की परात पुरती झाकते. तीच लांब धरली की परातीची कड उरते. आज चंद्र असाच लांब आहे, म्हणून सूर्य पुरता झाकत नाही, बांगडीसारखी कड दिसते. तीही तिकडं, बर्फात.

"दिसंना म्हून काय झालं? देव तरी कुठं दिसतोय?" सासूबाई म्हणाल्या. "तिला उठू देऊ नको अन् विळीला हात लावू देऊ नको."

मी चिडून रेखाकडं गेले. "ऊठ गं, इथं कसलंही ग्रहण नाही."

तिनं माझा हात धरला. "ताई, तुमी आत्याला कावून समजावताय? दिवस गेल्यापासून आज पहिल्यांदा दुपारी पाठ टेकलीय मी."

मी दार ओढून घेऊन बाहेर आले. मी शाळेत असते तेव्हा माझ्याही वाट्याचं काम तीच करते.

आता तुम्हीच सांगा, घरातल्या गरोदर बाईला घटकाभर पडू द्यायला चंद्र-सूर्यानं एका रेषेत यावं लागतं का?