आधी अलार्म, मग नाडी

बग सुटला की संपतो; त्याचा किस्सा मात्र रोज डब्यासोबत टेबलावर येतो. परळच्या आमच्या ऑफिसात माणसं तीन, मी, नेहा आणि सावंतदादा. किस्से तीस जणांचे!

परदेशातलं शिक्षण संपवून मी परतलो ते एकाच वेडाने. छोट्या हॉस्पिटलांना परवडेल असा पेशंट मॉनिटर बनवायचा आणि त्याचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, इथेच लिहायचा. पहिल्याच दिवशी मी जाहीर केलं, "वेळ मोजणं सोप्पं आहे! प्रोसेसरमध्ये सतत वाढणारा काउंटर असतो. तो वाचायचा, आलेल्या आकड्याला त्याच्या वेगाने भागायचं, झालं!"

"मग मी घरी जाऊ?" सावंतदादा म्हणाले.

* * *

आमचा पहिला सर्किट बोर्ड जुना. काम नसलं की प्रोसेसर मंदावायचा आणि काउंटरही. आम्ही तासभर जेवून आलो, बोर्ड म्हणतो वीस मिनिटं!

नेहा म्हणाली, "याला एचआरमध्ये घ्या रे!"

* * *

नवा बोर्ड एका छोट्या हॉस्पिटलच्या वॉर्डात लावला. तिसऱ्या दिवशी सिस्टरांचा फोन. "नाडी घसरायच्या एक सेकंद आधी अलार्म वाजल्याची नोंद आहे. तुमचं मशीन ज्योतिषी आहे का?"

प्रोसेसरचे चार कोअर, म्हणजे चार मेंदू, प्रत्येकाचा काउंटर वेगळा, आणि त्यांचं आपसात जुळत नव्हतं! नाडी एकाने नोंदवली, अलार्म दुसऱ्याने. डॉक्टरांनी बजावलं, "सोमवारपर्यंत नीट करा, नाहीतर मशीन परत न्या." दोन वर्षांची मेहनत पणाला लागली होती.

* * *

सावंतदादा लालबागच्या पथकात ताशा वाजवतात. म्हणाले, "पुढून टोला द्यायचा, मागच्याने लगेच परत करायचा. जाऊन-येऊन लागलेल्या वेळेचं अर्ध म्हणजे एका बाजूचा उशीर. तो वजा केला की दोघांच्या घड्याळांतला फरक कळतो!" नेहाला पॅसेजच्या टोकाला उभं करून डब्याच्या झाकणांवर प्रात्यक्षिक सुरू झालं.

वॉचमन धावत आला. "साहेब, गणपतीला अजून चार महिने आहेत!"

पण हीच युक्ती कर्नलमध्ये घातली आणि कोअर जुळले!

* * *

सोमवारी वॉर्डात नोंदी तपासल्या. सगळ्या क्रमाने! मी उडी मारणार, तेवढ्यात सिस्टरांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

"तुमचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे."

मी मॉनिटरकडे वळलो. नेहाने मोबाइल पाहिला. "आमचं बरोबर आहे, सिस्टर. भिंतीवरचं पुढे आहे."

"ते मीच पुढे ठेवलंय! डॉक्टर राउंडला रोज उशिरा येतात ना. तुमचंही पुढे करून टाका!"

डॉक्टर मागेच उभे होते. त्यांनी मनगट पाहिलं, भिंत पाहिली, आमचा मॉनिटर पाहिला.

"मशीन राहू दे," ते म्हणाले. "भिंतीवरचं काढा."

सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. "उद्या तुम्ही वेळेवर या, मग काढते!"