आमच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा

मंडळी, आज दादाचं लग्न जमता जमता मोडणार होतं, तेही एका कुत्र्यामुळे. कुत्रा तसबिरीतला आहे.

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं आणि आजोबांचं लष्करातलं ऑफिस आवरलं, तेव्हा साहेबांनी त्यांना भिंतीवरच्या दोन विलायती तसबिरी दिल्या. बैलाच्या डोक्याचा माणूस महिषासुर ठरून माळ्यावर गेला. तीन तोंडांचा कुत्रा मात्र दत्तमहाराजांचा ठरला. आजही तो दर्पण कॉलनीत आमच्या बैठकीच्या दारावर आहे आणि दत्तजयंतीला त्याला हार पडतो.

आज इंदूरहून ऋचा आणि तिचे आईबाबा दादाला बघायला आले होते. ऋचा चित्रकला शिकवते. तसबीर बघून ती पटकन बोलून गेली, "अरे, हा तर ग्रीक पुराणातला राक्षसी कुत्रा. यमलोकाच्या दारावर बसतो. आत सगळ्यांना येऊ देतो, बाहेर कुणालाच जाऊ देत नाही."

तिच्या आईचा चहाचा कप हातातच राहिला. दादा माझ्या कानात म्हणाला, "गई भैंस पानी में."

आई शांतपणे म्हणाली, "मग बरोबर जागी आहे की. आमच्याकडूनही जेवल्याशिवाय कुणी बाहेर जात नाही."

सगळे हसले आणि पानं मांडली गेली. निघताना ऋचा दारात थांबली, वर बघून कुत्र्याला म्हणाली, "आज जाऊ दे. परत येणारच आहे."

दादा तेव्हापासून हार आणायला निघालाय. दत्तजयंतीला अजून वेळ आहे, पण त्याला कोण सांगणार?