दुतोंडी कापड

रत्नागिरीत त्या काळी पुढारी व्हायला फारसं काही लागत नसे. खांद्यावर उपरणं, बोलण्याआधी खाकरण्याची सवय आणि अध्यक्षपदाची हाव, एवढ्यावर भागत असे. असे पुढारी मी पुष्कळ पाहिले, कारण ते सगळे दादाच्या दुकानात येत. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो पाट्या रंगवायचा. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. पुढे रंगाचे डबे, मागे पडद्याआड माझं शिवणाचं मशीन. नवरा गेल्यावर मी माहेरी परतले होते. बसून खाणं अंगाला लागेना, म्हणून शिवण शिकले.

एकदा मुंबईहून सरकारातले कोणी बडे गृहस्थ आमचं बंदर बघायला येणार असं ठरलं आणि गावाला स्वागताचं वेड लागलं. स्वागत समितीचे अध्यक्ष झाले एक वकील. स्त्रियांच्या उन्नतीवर त्यांचं भाषण ठरलेलं असे. मंडपाचा भार उचलला एका नारळाच्या व्यापाऱ्याने, त्याला सगळे शेट म्हणत. दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नसे. दोघे एकत्रच दुकानात आले, कारण एकटा कोण काय लिहवून घेईल याची दुसऱ्याला धास्ती.

रस्त्यावर आडवं कापड बांधायचं, त्यावर ‘सुस्वागतम्’ आणि खाली स्वागत करणाऱ्याचं नाव. पण नाव कुणाचं? अर्धी सकाळ त्यातच गेली. शेवटी दादाच कंटाळून म्हणाला, “दोन्ही अंगांनी रंगवतो. एकेका अंगाला एकेक नाव.”

मग भांडण सुरू झालं ते अंगांवरून. पाहुणे बोटीने येणार, बंदरावर उतरून वर मंडपात जाणार. म्हणजे येताना दिसेल ती बाजू थोरली. वकिलांनी ती पटकवली आणि शेटना समजावलं, “शेट, माणूस परत जाताना जे बघतो तेच त्याच्या लक्षात राहतं. मी तुमच्या भल्याचं सांगतोय.” शेट खूश झाले. मला पडद्याआड हसू आवरेना.

एकाच मांजरपाटावर दोन्हीकडून रंगवलं की तेल पाझरतं आणि एकीकडची अक्षरं दुसरीकडे उलटी उमटतात. म्हणून दादाने दोन वेगळी कापडं रंगवली. मी ती पाठीला पाठ लावून शिवली, मध्ये छत्रीच्या काळ्या कापडाचं अस्तर घातलं. दादाने अक्षरं अशी काढली होती की बघत राहावं. असल्या माणसांसाठी एवढी मेहनत कशाला, असं मी म्हटलं, तर म्हणाला, “बाय, अक्षराला काय ठाऊक नाव कुणाचं ते.”

स्वागताच्या दिवशी सकाळीच कापड बांधून झालं. वारा पडलेला होता, कापड सुरेख ताठ राहिलं. आणि ऐन वेळी तार आली. पाहुण्यांची बोट चुकली होती. रात्रीच्या आगगाडीने ते कोल्हापूरला उतरले होते, तिथून मोटारीने येणार, आधी थेट बंदर बघणार आणि मग मागे फिरून मंडपात येणार. म्हणजे आमच्या रस्त्याने ते पहिल्यांदा जाणार ते गावाकडून बंदराकडे. समोर दिसणार शेटचं नाव.

वकील धावतच आले. “पेंटर, कापड फिरवा. लगेच.”

शेट तिथेच उभे होते. ते म्हणाले, “राहू दे की. परत जाताना बघितलेलं लक्षात राहतं, असं तुम्हीच सांगितलंत ना?”

वकिलांनी आपल्या माणसाला एका खांबावर चढवलं. शेटनी दुसऱ्या खांबावर आपला हमाल चढवला. एक दोरी सोडतोय, दुसरा ओढतोय. दादा खालून दोघांना विनवत होता, “अहो, फाटेल. जरा थांबा.” त्याच्याकडे कुणी बघेना. कापड पिळवटलं आणि कोपऱ्यातून टर्रकन फाटलं.

मी कात्री घेऊन रस्त्यावर आले. कापड आता एका बाजूने लोंबत जमिनीला टेकलं होतं. वकील माझ्याशी बोलले नाहीत. दादाला म्हणाले, “पेंटर, यांना आत पाठवा. शुभकार्य आहे, असं कपाळ समोर नको.”

स्त्रियांच्या उन्नतीवर टाळ्या घेणारा माणूस तो. मी म्हटलं, “शुभकार्याचं हे कापड माझ्याच हातांनी शिवलंय. तेव्हा कपाळ आड आलं नाही.” आणि खाली बसून टाके उसवायला लागले. दादा मला अडवेल असं वाटलं होतं. तो आला, माझ्यासमोर बसला आणि कापड ताणून धरलं, म्हणजे कात्री नीट चालावी. शिवण उसवल्यावर त्याने दोन्ही कापडांच्या घड्या केल्या. वकिलांची वकिलांना दिली, शेटची शेटना.

“आता हवं तिकडे तोंड करून बांधा,” तो म्हणाला.

दोघेही घड्या हातात घेऊन उभे असतानाच मोटार आली. एका खांबावरून दोरी लोंबत होती, तिच्या शेजारून मोटार निघून गेली. पाहुण्यांनी मान वर केली नाही. मंडपात म्हणे दोघांनी एवढी लांब भाषणं केली की पाहुण्यांना बोलायला वेळच उरला नाही.

गावाने आम्हालाच नावं ठेवली. पेंटरच्या विधवा बहिणीने गावाची अब्रू घालवली, असं बरेच दिवस चाललं होतं. नगरपालिकेच्या पाट्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं. त्याला ऱ्हस्व-दीर्घाचा गंध नव्हता, पण तो हात जोडून उभा राही. दादाने त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही. बंदरातल्या मचव्यांवर, होड्यांवर नावं रंगवायचं काम त्याला मिळत गेलं आणि त्यावर आमचं भागलं.

पुढे निवडणूक आली तेव्हा वकील परत दुकानात आले. दोन्ही अंगांना नाव हवं होतं, आणि दोन्हीकडे त्यांचंच. दादा ब्रश न थांबवता म्हणाला, “शिवायचं काम बहिणीचं. तिला विचारा.”

वकील पडद्यापाशी आले, खाकरले. “बाई, जमेल का?” माझ्याशी ते पहिल्यांदाच बोलत होते.

“मशीन बिघडलंय,” मी म्हटलं आणि पाय न थांबवता परकराची शिवण पुरी केली.