सत्तावीस सह्यांचे कोरे पान

तालुका समितीची बैठक दर महिन्याला झालीच पाहिजे, असे पक्षाच्या घटनेत लिहिलेले आहे. ऐन रोवणीत, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, गोरेगाव तालुक्यातली माणसे ती कशी घेतील, याचा विचार घटना लिहिणाऱ्यांनी केला नव्हता. तो केवलरामजींनी केला. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, दोन एकर धान करणारा आणि गावाचे अर्ज लिहून देणारा हा माणूस केवळ अक्षर चांगले म्हणून समितीचा कार्यालयमंत्री, म्हणजे दप्तर सांभाळणारा, झाला आणि बावीस वर्षे राहिला.

आठवडी बाजाराच्या दिवशी एका कापड दुकानाच्या ओट्यावर ते इतिवृत्ताची वही घेऊन बसत. भाजीपाल्याला आलेले सदस्य पिशवी खाली ठेवत, पानाच्या खालच्या अर्ध्या भागात सही करत आणि एसटी गाठत. वरचा अर्धा भाग केवलरामजी घरी सवडीने भरत. कधी धान खरेदी केंद्राची मागणी, कधी श्रद्धांजली, तर कधी वरून आलेला आदेश. कोणत्याच ठरावाला कधी हरकत आली नाही, आणि यालाच ते एकमत समजत आले होते. तालुक्याचे ठराव जिल्ह्याला जात, जिल्ह्याचे प्रदेशाला. प्रदेश शाखेची सारी उतरंड अशा पानांवर उभी होती.

यंदा जुलैच्या पहिल्या बाजारी सत्तावीस सह्या झाल्या. चार दिवसांनी प्रदेश शाखा फुटली. प्रदेशाध्यक्ष दोन झाले, झेंडा एकच राहिला. खरी शाखा कोणाची, हे सिद्ध करण्यासाठी दोन्ही गट तालुका समित्यांचे ठराव गोळा करू लागले. गोरेगावच्या पानावर तेव्हा सह्या होत्या, ठराव नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळीच जिल्हा सरचिटणीस ओमेश गाडी घेऊन दारात आला. तो नव्या अध्यक्षांच्या गटात गेला होता. स्वतः बाजारातल्या त्याच ओट्यावर सह्या करून वर चढलेला असल्यामुळे पान कोरे असणार, हे त्याला सांगावे लागले नाही. सुमित्राबाईंनी, केवलरामजींच्या पत्नीने, चहा आणून ठेवला. त्याने कपाला हात न लावता टंकलिखित मजकूर पुढे सरकवला. तालुका समिती नव्या प्रदेशाध्यक्षांवर एकमताने विश्वास व्यक्त करते, एवढाच तो होता.

“काकाजी, फक्त तुमचं अक्षर पाहिजे. बाकी सब हो गया.”

सत्तावीसांतले निम्मे तरी जुन्या अध्यक्षांचे, हे केवलरामजींना पक्के ठाऊक होते. त्यांनी बैठक बोलावू म्हटले. रोवणी सोडून कोण येणार, असे ओमेशने विचारले. शिवाय उद्या दुपारी कागद प्रदेश कार्यालयात हवे होते. केवलरामजी तरीही वही उघडेनात, तेव्हा तो हसला.

“बावीस साल लिवलं, तवा कोनाले इचारलं काय? आता कायले इचारता?”

सुमित्राबाई उंबऱ्यातच थांबल्या. केवलरामजींनी कधीच कोणाला विचारले नव्हते. पान मिळाले नाही तर गोरेगावचे सगळेच ठराव असे झाले आहेत हे आपणच वर कळवू, असेही ओमेश शांतपणे म्हणाला. बावीस वर्षांची अब्रू एका पानाच्या बदल्यात वाचत होती.

त्यांनी वही घेतली आणि ते लिहायला लागले. ओमेशने समाधानाने मोबाइल काढला. चार ओळी झाल्यावर केवलरामजींनी त्या वाचून दाखवल्या: या पानावरील सत्तावीस सह्या कोणताही ठराव होण्यापूर्वी घेतल्या आहेत, सही करणाऱ्यांना ठराव ठाऊक नाही, हे पान कोणाच्याही बाजूने वापरू नये. खाली सही, तारीख.

ओमेशने मोबाइल वहीकडे वळवला. “दुसऱ्या गटाचे लोकंही आता तुमाले दारात उभं नाही करत,” एवढे म्हणून त्याने पानाचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो तालुकाभर मोबाइलवर फिरला.

पुढच्या बाजारी केवलरामजी ओट्यावर बसले. ओळखीची माणसे दुरूनच वळत होती. दुपारी नंदाबाई आली. पूर्वी ती पक्षाच्या महिला शाखेची तालुकाध्यक्ष होती. आज तिने पिशवी खाली ठेवली नाही.

“केवलरामभाऊ, माह्या सहीवर काय काय लिवलं, ते वाचा.”

कोणते पान टाळायचे, हे त्यांना माहीत होते. सहा वर्षांपूर्वीचे. वरून आदेश आला होता आणि त्यांनी तो नेहमीसारखा उतरवला होता. सुरुवातीच्या पानांपासून ते वाचत गेले. त्या पानाशी ते थांबले. दोन पाने एकदम उलटता आली असती. त्यांनी वाचले: नंदाबाई यांना महिला शाखेच्या अध्यक्षपदावरून एकमताने मुक्त करण्यात येत आहे. खाली अकराव्या ओळीत तिचीच सही होती.

“म्हंजे मले काढाले मीच हो म्हटलं,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “अन् मी सहा वर्षं जिल्ह्याले शिव्या देऊन राहिली. पेन द्या.”

सही तिने खोडली नाही. शेजारी ‘मान्य नाही’ असे मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिले आणि आजची तारीख घातली. केवलरामजींनी वही मिटायला घेतली, तेव्हा तिच्या मागे आणखी चौघे येऊन उभे राहिलेले त्यांना दिसले. त्यांनी ती पुन्हा पहिल्या पानापासून उघडली.