उसनं बहुमत

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना, आबांना, दिल्लीत नेऊन बसवलं असतं, तर नव्वदनंतर तिथलं एकही सरकार मुदतीआधी पडलं नसतं, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. इंदापूर तालुक्यात कळसच्या पलीकडं त्यांचं गाव. ग्रामपंचायतीत नऊ सदस्य. त्यात आबांचे, त्यांना स्वतःला धरून, तीन. चार विरोधात. उरलेले दोन म्हणजे तात्या आणि त्यांचा पुतण्या. तात्यांनी पद घेतलं नाही, नुसता बाहेरून पाठिंबा दिला आणि आबा तीन माणसांच्या जिवावर सरपंच झाले. "दिवाळीपर्यंत टिकले तर मिशी काढीन," असं विरोधकांचा पुढारी पारावर बोलून बसला होता. दिवाळीनंतर तो विषय निघाला की बिचाऱ्याला खोकला यायचा.

पाठिंबा टिकवायला लोक खिरापत वाटतात. आबा उलट मागत सुटायचे. गोठ्यात दोन दुभत्या म्हशी, पण विरजण तात्यांकडचं. स्वतःची पाभर धडधाकट, तरी पेरणीला विरोधकांची आणायचे. कारखान्याचे सभासद, घरात साखरेचं पोतं, आणि हे वाटी घेऊन शेजारी! माझी बहीण लाजेनं अर्धी व्हायची. एकदा मीच धीर करून विचारलं, तर म्हणाले, "पाव्हणं, ज्याला आपण देतो त्यो इसरतो. ज्यानं आपल्याला दिलं त्यो ध्यानात ठिवतो. ज्याला सोता दिलंय त्याला कोन पडू दील व्हय?" रेडिओवर दिल्लीत कुणी पाठिंबा काढल्याची बातमी लागली की हळहळायचे, "नुसतं देत बसलं असत्याल. मागायला लाजलं, दुसरं काय!"

पण एकदा तात्याही बिनसले. मेंढपाळांच्या वस्तीवरच्या बायका उन्हातान्हात कालव्यावरून घागरी वाहायच्या; तिथं आधी नळ नेईन, हा आबांचा शब्द. तात्या म्हणाले, आधी आमच्या आळीत. आबा म्हणाले, न्हाय. झालं! तात्यांनी आणि पुतण्यानं विरोधकांच्या अविश्वास ठरावावर सह्या ठोकल्या. ठरावाला सहा हात पुरे होते, आणि चार नि दोन सहाच होतात. सरपंच गेला की नळासाठी रस्त्याकडेला आणून टाकलेले पाइप तिथंच गंजणार, हे वस्तीला कळत होतं. बहिणीनं बारामतीहून मला बोलावून घेतलं, "दादा, तू तरी आबांना सांग, तात्यांना जाऊन भेटा म्हणून."

सांगायची वेळच आली नाही. सभेच्या सकाळी आबा आपणहून तात्यांकडं निघाले, मी मागोमाग. वाटलं, आता पाय धरतात. कसलं काय! दारातनंच म्हणाले, "तात्या, आज आमची सरपंचकी जायाची. तहसीलदारसायबाम्होरं जरा नीट दिसाया पायजे. तुमचा त्यो ठेवणीतला फेटा द्या की." तात्या घुश्शात होते, पण दारात आलेल्याला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. फेटा दिला. आबांना तो बांधता येईना (की येत नसल्याचं सोंग, देव जाणे), तेव्हा चरफडत स्वतःच्या हातानं बांधूनही दिला.

सभेत तहसीलदारांनी ठरावाच्या बाजूचे हात वर करायला सांगितले. मी खिडकीबाहेर उभा. चार हात उठले. तात्यांचा हात मांडीवरून सुटेना. नजर आबांच्या डोक्यावर. पुतण्या काकांच्या तोंडाकडं बघतोय.

"तात्या, हात!" पुढारी कुजबुजला.

तात्या उखडले. "गप रं! सकाळी मी बांधून दिल्यालं पागोटं आता मीच पाडू व्हय?"

ठराव आपटला! मास्तर असल्याचं विसरून मी खिडकीतून शिट्टी मारली. बाहेर वस्तीवरच्या बायकांनी असा गलका केला की तहसीलदारांना निकाल दोनदा सांगावा लागला. पुढं वस्तीवर नळाला पाणी आलं, तेव्हा एक म्हातारी आरती घेऊन आबांकडं आली. आबांनी तिला तात्यांकडं वळवलं, "त्यांना ओवाळ, सरकार त्यांचं हाय." तात्या लहान पोरासारखे लाजले.

त्या पाण्यानं पुढची निवडणूक जिंकली. गावानं आबांची नऊच्या नऊ माणसं निवडून दिली. तात्या उभेच राहिले नाहीत. आता पाठिंब्याची गरज कुणाला, म्हणाले. मी गुलाल घेऊन धावत गेलो, तर आबा ओसरीवर एकटेच बसलेले.

"जिंकलो खरं, पाव्हणं," ते म्हणाले. "पर आता रुसायला कोन ऱ्हायलंय? सकाळी उठून जायाचं तरी कुनाच्या दारात?"