हाताला घेतलेला वेढा

राफ्टिंगचा गाइड व्हायचं म्हणून मी दोन हंगाम एका माणसाकडे राबलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आजही कोणी विचारलं की तुझं ते नदीचं काय झालं, की मला पहिल्यांदा त्या दोन हंगामांचा राग येतो आणि बाकीचं मागाहून आठवतं.

आम्ही वाडीचे, शहराबाहेरच्या ट्रकवाल्यांच्या वस्तीतले. अमरावती रोडवर गोदामांच्या मागे भाड्याची खोली. बाबा ट्रकवरचा माल बांधायचे आणि दहावीनंतर मीही तेच करायला लागलो. लोकांना वाटतं त्यात काय, ताडपत्री टाकली, दोर ओढला, झालं. तसं नसतं. एक जण वर मालावर उभा राहून दोर खाली फेकतो, खालचा तो तळहाताला एक वेढा देऊन पकडतो आणि मग सगळं अंग मागे टाकतो. नुसत्या मुठीनं कितीही आवळलं तरी नायलॉनचा दोर घसरतोच. दोर घसरला की ताडपत्री ढिली, आणि ताडपत्री ढिली झाली की अकोल्यापर्यंत पोत्यांची वाट लागते. ज्याच्या हातून दोर सुटतो त्याला दुसऱ्या दिवशी कोणी गाडीला हात लावू देत नाही. मी सोळाव्या वर्षापासून हाताला वेढा घेत आलो.

मला ते काम नको होतं. कष्टाचं मला काही वाटत नव्हतं, पण तिथे माझं कोणी ऐकत नव्हतं. ड्रायव्हर सांगणार, मुनीम सांगणार, बाबा सांगणार, आणि मी ओढणार. एकदा फोनवर राफ्टिंगचा एक व्हिडिओ पाहिला. पांढऱ्या पाण्यात रबरी होडी, तिच्यात हेल्मेट घातलेले सहा जण आणि मागे बसलेला एक काळासावळा माणूस. तो म्हणाला पुढे मारा, की सगळे मारत होते. तो म्हणाला थांबा, की थांबत होते. त्यांतला एक जण तर चांगला टकला साहेब दिसत होता. मला वाटलं, बस, हेच पाहिजे.

शहरात सदरला एका दुकानाच्या वर त्या राफ्टिंगवाल्याचं ऑफिस होतं. मालकाला सगळे सर म्हणत, म्हणून मीही म्हणालो. त्यांनी एवढंच विचारलं, "पोहणं येते?"

येत होतं. सावनेरजवळ मामाच्या गावी मामानं पाठीला रिकामा डबा बांधून मला विहिरीत ढकललं होतं, तेव्हापासून येत होतं. सर हसले. म्हणाले, "दोन सीझन शीक. परीक्षा दे. पास झाला की राफ्ट तुझी."

नदी सावनेरच्याही पुढे, हद्द ओलांडून मध्य प्रदेशात. वर धरण आहे. पावसाळा सरला की काही महिने सकाळी पाणी सोडतात, दुपारनंतर बंद करतात. जे काय करायचं ते त्या चार-पाच तासांत. निघताना बाबा म्हणाले, "काहून जाऊन राहिला गा तिकडं? पाण्यात काय ठेवलं हाय?" टकल्या साहेबाची गोष्ट बाबांना सांगून कळली नसती.

पहिला हंगाम मी राफ्टमध्ये हवा भरली. लाइफ जॅकेटं धुतली, त्यांना दुसऱ्यांच्या घामाचा जो वास येतो तो कशानंच जात नाही. पाहुण्यांसाठी पोहे केले, त्यांचे मोबाइल सांभाळले, त्यांचे फोटो काढले. राफ्ट पिकअपवर चढवल्या, उतरवल्या, बांधल्या. बांधण्यात मी पटाईत होतो, हे सरांच्या पहिल्या दिवशीच लक्षात आलं आणि तिथेच माझी चूक झाली. कधी तोंड उघडलं की सर म्हणत, "अरे, हेच तर ट्रेनिंग हाय." माझ्यासोबत आणखी एक जण शिकत होता, सदरच्याच एका कापड दुकानदाराचा मुलगा, माझ्याच वयाचा. तो पोहायला क्लबाच्या निळ्या पाण्यात शिकलेला. वाहत्या पाण्याची त्याला भीती वाटायची. ती मी घालवली. तो माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या हंगामात सरांनी आम्हाला रिकाम्या राफ्टवर मागे बसू दिलं आणि मी पाणी वाचायला शिकलो. दोन खडकांमधून पाणी काळं आणि गुळगुळीत होऊन निमुळतं आत जातं, ती वाट. उलट जिथे त्या निमुळत्या पाण्याचं टोक आपल्याकडे असतं, तिथे खाली दगड दबा धरून बसलेला. काही ठिकाणी पाणी मागे फिरतं, तिथे राफ्ट नेऊन दम खाता येतो. हे मला लवकर आलं. मी चांगला होतो, हे मी माझ्याच तोंडानं सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

राहिला दोर. गाइडच्या कमरेला एक पिशवी असते, तिच्यात पंधरा-वीस मीटर दोर भरलेला. माणूस पाण्यात पडला की दोराचं एक टोक आपल्या हातात ठेवायचं आणि पिशवी त्याच्याकडे फेकायची. त्यानं दोर धरला की आपण खाली बसून पाय रोवायचे आणि पाणीच त्याला काठाशी आणून सोडतं. यात एक नियम सगळ्यांत वरचा. हाताला वेढा घ्यायचा नाही. ओढ हाताबाहेर गेली तर दोर सोडून देता आला पाहिजे, नाहीतर ओढणाराही नदीत जातो. मी पहिल्यांदा दोर धरला तेव्हा सरांनी माझ्या हातावर पॅडल मारलं. "वाडीवाल्या, ट्रक नाही बांधून राहिला तू."

मी ती सवय सोडली. निदान सोडली असं मला वाटलं. शंभरदा फेकला असेल, शंभरदा सरळ मुठीत धरला. पण आम्ही सराव कशावर करत होतो, तर संथ पाण्यात सोडलेल्या प्लास्टिकच्या रिकाम्या कॅनवर. धारेत जिवंत माणूस सोडून सराव करायचा तर पाणी चालू असताना करावा लागतो, आणि पाणी चालू असलेला एक एक तास सरांना पाहुण्यांसाठी हवा होता. तेव्हा आम्ही काठावर लोकांचे मोबाइल धरून उभे. मी दोनदा सरांना म्हणालो, एक दिवस द्या. दोन्ही वेळा म्हणाले, "पाहू ना." कॅनला वजन नसतं. माझ्या हाताला काहीच आठवायची गरज पडली नाही.

परीक्षा घ्यायला उत्तरेकडच्या डोंगरातून एक वयस्क गाइड आले. कमी बोलणारे. सकाळी मी त्यांना राफ्टमधून खाली नेलं, उलटलेली राफ्ट सरळ करून दाखवली, प्रथमोपचार सांगितले. तिसऱ्या रॅपिडचं उसळतं पाणी उतरल्यावर ते म्हणाले, "पानी अच्छा पढ़ते हो." दोन वर्षांत मला कोणी असं म्हणालं नव्हतं.

मग दोराची पाळी. परीक्षार्थ्यांनीच आळीपाळीनं पाण्यात उतरायचं होतं. कापड दुकानाचा मुलगा वरून उडी मारून वाहत आला, उताणा, पाय पुढे, शिकवलेलं तसं. मी हाक मारली, पिशवी फेकली, दोर बरोबर त्याच्या छातीवर पडला. इतकी चांगली फेक माझी कधी झाली नव्हती. त्यानं दोर धरला आणि त्याच क्षणी तो मुख्य धारेत सरकला.

ओढ आली. अशी ओढ मला माहीत होती, ती भरल्या ट्रकची होती. मी काही ठरवलं नाही. माझ्या डाव्या हातानं गर्रकन वेढा घेतला आणि मी अंग मागे टाकलं. पाय निसटले. गुडघ्यावर घासत दोन हात पुढे ओढला गेलो आणि पाण्याच्या कडेच्या एका खडकाला छाती लावून थांबलो. शेवटच्या दोन बोटांमध्ये काहीतरी तुटल्याचं कळलं, दुखलं मात्र नाही. दोर घट्ट होता. तो मुलगा वळून काठाला लागला, उठला, खोकला, हसला.

परीक्षकांनी शिट्टी वाजवली. येऊन माझ्याजवळ बसले आणि हाताचा वेढा स्वतः सोडवला. दोर कातडीत रुतला होता.

"छोड़ा क्यों नहीं?"

"छूटा नहीं, सर."

"कल इस रस्सी पर पूरी राफ्ट होगी. तब तुम भी नदी में होगे. फिर मैं किसको बचाऊँ?"

नापास. त्यांचं काही चुकलं नाही. नियम बरोबर होता आणि आजही बरोबरच आहे. हीच माझी जळजळ आहे, की मला त्यांच्यावर धड चिडताही येत नाही. कापड दुकानाचा मुलगा पास झाला. ओल्या अंगानंच त्यानं मला मिठी मारली. "तुह्यामुळं वाचलो, भाऊ." तो खरंच रडत होता. मला त्याला नदीत परत ढकलावंसं वाटलं.

सर आले, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले पुढच्या वर्षी पाहू. आणि मग, "पिकअप बांधून घेशील का? तुझ्यासारखी कोणी बांधत नाही." माझ्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता, तो त्यांना दिसत होता. आणि मी बांधली. राफ्ट एकावर एक चढवून, एका हातानं आणि दातांनी दोर ओढून बांधली. रस्त्यात एक इंच हलली नाही. दोन वर्षांतल्या सगळ्या गोष्टींमध्ये मला स्वतःचा सगळ्यांत जास्त राग कशासाठी येत असेल तर त्या बांधण्यासाठी.

बोटांना प्लास्टर लागलं, निघालं. शेवटची दोन बोटं तेव्हापासून पूर्ण वळत नाहीत. पुढच्या हंगामाआधी सरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "पॅडल धरता येते का?" मी खरं सांगितलं, थोड्या वेळानं सुटतं. "मग लोडिंगले ये. लोडिंगले माणूस पाहिजेच." मी फोन ठेवला आणि पुन्हा बाबांसोबत गाडीवर जायला लागलो. लोडिंगच करायचं तर वाडी काय वाईट होती. अर्धी मूठ वळते, तेव्हा दोर धरायचा तर वेढा घेण्यावाचून मला आता दुसरा मार्गही नाही.

वाडीत बाबांनी माझी गोष्ट सगळीकडे सांगून ठेवली होती. चहाच्या टपरीवर, वजनकाट्यावर, कोणी नवा ड्रायव्हर आला की त्याला. "पोट्ट्याची बोटं तुटली, पण त्यानं दोर नाही सोडला. माणूस जित्ता वर आला." सांगताना माझा हात धरून दाखवायचे. ड्रायव्हर मान डोलवायचे. मी असा पाच-सहा महिने उभा राहिलो. एक दिवस बाबा एका इंदूरच्या ड्रायव्हरला सांगत होते आणि मला राहवलं नाही.

"सोडाचा होता, बाबा."

"काय?"

"दोर. वेढा घेतला म्हणून नापास केलं मले. तुम्ही शिकवला तोच वेढा."

ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन बाजूला झाला. बाबांनी धरलेला माझा हात सोडला. त्यांनी विचारलं, "तिथं दोर सोडाले शिकवते?"

"हो."

"मंग पाण्यातल्या माणसाचं काय?"

"धारेत खाली दुसरा उभा राहते. त्याच्यापाशीही दोर राहते."

बाबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "असंन. आपल्याकडं दुसरा कोणी उभा नाही राहत." आणि ट्रकवर चढले.

त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कोणालाच सांगितली नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, लागलं होतं पोराले पाण्यात. आयुष्यभरात त्यांच्याजवळ चारचौघांत सांगण्यासारखं तेवढं एकच होतं, आणि ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं.